कमिंग सून

माझा धाकटा भाऊ दुबईहून पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं आईला टेपरेकॉर्डर आणला, मला साडी, माझ्या नवऱ्याला दाढीचं सामान आणि माझ्या मुलीला हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम. साडी मी दोन लग्नांत मिरवली. दाढीचं सामान अजून कपाटात कुठंतरी असेल. घोळ घातला तो त्या गेमनं, आणि ज्या आठ वर्षांच्या पोरीसाठी तो आणला होता तिच्याच हातात राहिला असता तर काही बिघडलं नसतं.

ऐंशी सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहत होतो. नवरा एका कचेरीत कारकून, सासूबाई, मी आणि मुलगी, एवढं घर. माहेर जवळच, उचगावला. वडील लवकर गेले. आईनं दोन म्हशींच्या जिवावर आम्हा दोघांना वाढवलं, मला सातवीपर्यंत शिकवलं आणि भावाला लेथचं काम शिकायला घातलं. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तो टर्नर होता, तिथून कुणाच्या तरी ओळखीनं दुबईला गेला. लग्नाचं वय झालेलं, पण "आधी घर बांधतो, मग बघू" म्हणत तो ते पुढं ढकलत होता. मागे राहिली एकटी आई आणि तिच्या म्हशी.

गेम म्हणजे कंपासपेटीएवढा चपटा डबा. मधे राखी काच, दोन्ही अंगांना एकेक बटण. चालू केला की काचेत एक बारकासा काळा माणूस उभा राहायचा. जहाजावरून पोती खाली यायची, ती यानं डोक्यावर झेलायची, फळीवरून पळत धक्क्यावर टाकायची आणि पुन्हा माघारी यायचं. चुकलं की पोतं पाण्यात. तीन पोती बुडाली की खेळ खलास. आम्ही त्याला हमाल म्हणायला लागलो. गुळाच्या बाजारात ढेपांचे जड रवे वाहणारी माणसं उठता-बसता बघणाऱ्यांना दुसरं नाव सुचणार तरी कुठलं?

पोरीला पंधरा दिवसांत कंटाळा आला. ती पुन्हा सागरगोट्यांकडं वळली आणि मी हमालाकडं. सासूबाई दुपारी लवंडल्या की मी स्वयंपाकघरात पापडाच्या डब्यातून गेम काढायची आणि पाटावर बसून पोती झेलायची. बत्तीस वर्षांची बाई, एका पोरीची आई, मोरीत धुणं भिजत पडलेलं, आणि ही बटणं दाबतेय. एकदा दूध उतू गेलं तर मी स्टोव्हला नावं ठेवली. गेमची टिकटिक बंद करता येत नसे. एकदा सासूबाई उठून म्हणाल्या, "तुमचं घड्याळ आजारी हाय काय गं? मधीच पळतंय, मधीच थांबतंय." मी भिंतीवरच्या त्या बिचाऱ्या घड्याळाकडं बघत म्हणाले, "दुरुस्तीला टाकायला पायजे, आत्ती."

त्याचे सेल बटणासारखे असत, ते घड्याळवाल्या चाचांकडं मिळत. दुसऱ्यांदा गेले तेव्हा चाचा भिंगातून मान वर करून म्हणाले, "वैनी, पोरीला जरा आवरा की. एवढ्यात सेल संपतोय म्हंजे किती खेळत आसंल? डोळं जातील लेकराचं." मी म्हणाले, "सांगून दमले बघा, चाचा." पोर माझं बोट धरून शेजारीच उभी होती. तिनं वर माझ्याकडं पाहिलं. वाटेत मी तिला न मागता कुल्फी घेऊन दिली.

भावानं मात्र मला रंगेहाथ पकडलं. परत जायच्या आधी आमच्याकडं जेवायला आला होता, पाणी प्यायला आत आला, तर मी पाटावर. मला वाटलं आता हा घरभर करतो. पण तो खाली मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आण हिकडं, बघू कुणाचं पोतं जास्त." तासभर आम्ही खेळलो. लहानपणी उसाच्या फडाकडेला विटीदांडू खेळायचो तसेच भांडलो, आणि मी जिंकले. मग त्यानं गेमचं खोकं मागितलं. मागच्या बाजूला दुसऱ्या एका गेमचं चित्र होतं, हमाल तोच, पण डबा पुस्तकासारखा उघडणारा आणि काचा दोन. भाऊ इंग्रजी अक्षरं लावत वाचत होता. "ह्याचा दुसरा भाग हाय, आक्का. ह्यात पोती पुढं गोदामात जात्यात, ते बी दिसतंय. खाली लिवलंय, कमिंग सून."

सासूबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "कुणाची सून?"

भाऊ हसायला लागला. सासूबाई गंभीरच. "सून येणार म्हणालास न्हवं? कुठं जमलं काय तुझं?" त्याला हसू आवरेना, मला आवरेना. लवकरच येणार असं त्या खोक्यावर लिहिलंय, हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग तसं म्हणा की. सुनंला कशाला मधी आणायचं?" त्या दिवसापासून आमच्या दोघांत दुसऱ्या भागाचं नाव सून पडलं. जाताना स्टॅंडवर भाऊ म्हणाला, "पुढच्या खेपंला तुझी सून घेऊनच येतो बघ." आई तेव्हा उचगावात म्हशीची धार काढत होती. हा विनोद तिला सांगायचा राहिला. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही.

पुढची दीड-दोन वर्षं मी वाट बघितली. हमालाच्या खेळात नऊशे नव्व्याण्णव झाले की आकडा शून्यावर यायचा आणि पुन्हा तेच जहाज, तीच पोती. मला सगळं तोंडपाठ झालं होतं. मन मात्र त्या खोक्यावरच्या चित्रात गुंतलेलं. गोदाम कसं असेल? पोती शिडीनं चढवायची असतील की गाड्यावरून? दोन काचांवर एकदम लक्ष कसं ठेवायचं? भाकरी थापताना मी मनात दोन-दोन काचा सांभाळायची. बायका माहेरच्या माणसाची वाट बघतात तशी मीही बघत होते, पण माणसापेक्षा त्याच्या पिशवीची. हे तेव्हाही कळत होतं, आणि कळलं की मी घाईघाईनं देवापुढं त्याच्या नावानं दिवा लावायची.

तिकडं पत्रं कमी जात. कॅसेट भरायची आणि कुणी जाणारा असेल त्याच्या हाती द्यायची, अशी तेव्हा पद्धत पडली होती. उचगावचाच एक वेल्डर निघाला होता. मी आईकडं गेले आणि पुढच्या सोप्यात टेपरेकॉर्डर मधे ठेवून आम्ही दोघी बसलो. आई टेपशी बोलायची ती विहिरीच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तशी. "म्हस याली रं! रेडी झालीया! जेवत जा!" मग माझी पाळी आली. मी इकडचं-तिकडचं सांगितलं आणि शेवटी हसत म्हणाले, "आणि ह्या खेपंला सून घेऊन यायचं, विसरायचं न्हाय. वाट बघून डोळं पांढरं झालं." आईनं माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, पोराच्या आठवणीनं.

त्याची कॅसेट आली ती पावसाळा सरता सरता. आईनं निरोप धाडून मला बोलावलं. दुबईचा आवाज ऐकायला गल्लीतल्या चार-सहा बायका सोप्यात येऊन बसलेल्या. भावानं आईची विचारपूस केली, म्हशींची केली, आणि मग म्हणाला, "आक्का, सून बघून ठेवलीया. लई झ्याक हाय. दिवाळीला घेऊनच येतो."

शेजारच्या काकू तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बया! कुठली गं पोरगी?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "परत लाव, परत लाव," म्हणाली. मी परत लावली. बायकांना ऊत आला. एकजण म्हणाली, तिकडं नर्सा असतात म्हणे, केरळच्या. आई म्हणाली, "असूं दे की. माझ्या गुडघ्याला बघंल. कुठली का असंना, त्येला पसंत हाय न्हवं?" जात-पात, गाव-शीव, मानपान, ज्या गोष्टी तिनं आयुष्यभर धरून ठेवल्या होत्या त्या सगळ्या तिनं त्या एका दुपारी सोडून दिल्या.

सांगायला एवढंच वाक्य होतं, आई, ती सून खेळण्यातली आहे. पण बायका बसलेल्या. त्या फिदीफिदी हसल्या असत्या आणि मग विचारलं असतं, कुणाचं गं खेळणं? मी ठरवलं, सगळ्या गेल्या की सांगू. सगळ्या गेल्या. आईनं आतून गुळाचा खडा आणून माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "तू बोललीस म्हणून झालं. मला इतकी वरसं त्येला बोलायला न्हाय जमलं." तोंडात गूळ असताना मी काय बोलणार? अशी माझी मी समजूत काढली आणि सात नंबरची बस पकडून घरी आले.

त्यानंतर उचगावला जायचं मी होईल तेवढं लांबवायची. एका खेपेला भिंतींना चुना झालेला. दुसऱ्या खेपेला आईनं डब्यातून हिरव्या बांगड्या काढून दाखवल्या. हाताचं माप ठाऊक नाही म्हणून तिनं दोन मापांच्या घेतल्या होत्या. "एक बसंलच की," म्हणाली. मी म्हणाले, छान आहेत. दुसरं काय म्हणणार होते कोण जाणे, पण तेवढं म्हणाले.

आणि मग कबनूरचं स्थळ. यंत्रमागवाल्यांचं घर, मुलगी शिकलेली, शांत. भाऊ पहिल्या सुट्टीत आला होता तेव्हा त्यानं तिला एका लग्नात पाहिली होती आणि मला म्हणाला होता, "पोरगी बरी हाय न्हवं, आक्का?" ते लोक थांबले होते. आता त्यांनी पुन्हा माणूस पाठवला, तर आईनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. मला ते नंतर कळलं. आई अभिमानानं सांगत होती, "म्हटलं, पावणं, आमच्या पोरानं तिकडं बघितलीया. तुमच्या पोरगीला उगं खोळंबवू नगासा." कुणाची मुलगी खोळंबून ठेवणं तिला पाप वाटायचं. त्या मुलीचं दिवाळीआधीच दुसरीकडं ठरलं.

तेव्हा मात्र मला झोप लागेना. दुबईला जाणारा आणखी एकजण मिळाला. आई डेअरीत दूध घालायला गेली असताना मी टेपरेकॉर्डरसमोर बसले आणि सगळं सांगितलं. आईचा कसा समज झालाय, चुना, बांगड्या, कबनूरचं मोडलेलं. "तू तिला लगेच खरं काय ते कळीव," म्हणाले, "आणि तो गेम आणू नकोस. तो बघून तिला काय वाटंल?" मग कॅसेट मागे घेऊन ऐकली. माझाच आवाज मला म्हणत होता, गेम आणू नकोस. मी दोनदा ऐकलं. मग पुन्हा मागे घेतली आणि त्यावर अंगणात खेळणाऱ्या माझ्या पोरीला बोलावून तिची शाळेतली कविता भरली, आणि शेवटी मी म्हणाले, हिकडं सगळं बरं हाय.

असली गोष्ट तोंडोतोंड सांगावी, कॅसेटमधून सांगितली तर भाऊ तिकडं एकटा काळजी करत बसेल, असली कारणं मी तेव्हा जमवली होती आणि ती ऐकायला चांगलीही वाटायची. खरं कारण एवढंच होतं की आणू नको म्हटल्यावर त्यानं आणला नसता. दोन सुना होत्या, एक आईची, एक माझी. मी माझी निवडली.

वसुबारसेला तो आला. मी पहाटेच उचगावला जाऊन बसले होते. आज गाठून सांगू, आत्ता सांगू, असं करत मी रांगोळी काढून दिली, कंदील टांगून दिला, आणि सांगितलं नाहीच. आईचं मत होतं की पोरानं तिकडंच दोन हार घालून उरकलं असणार. तिनं उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं. नवरीनं उजव्या पायानं लवंडायचं असतं ते. भाकरतुकडा ताटलीत, तांब्यात पाणी, गल्लीतल्या बायका नव्या पातळात उभ्या.

रिक्षा आली. भाऊ उतरला. वाळला होता, काळा पडला होता. आई त्याच्याकडं बघतच नव्हती. त्याच्या खांद्यावरून आत रिक्षात बघत होती. एक बॅग उतरली. दुसरी उतरली. दोरीनं बांधलेलं ब्लॅंकेट उतरलं. रिक्षावाल्यानं पैसे घेतले आणि गाडी वळवली.

"आणि ती?" आई म्हणाली.

"कोण ती?"

"सून रं. आणतो म्हणालतास."

भावाला वाटलं, आईलाही आमची चेष्टा ठाऊक झालीय. तो खळखळून हसला. बॅगेची चेन उघडून त्यानं रंगीत खोकं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "ही काय! घे आक्का, तुझी सून. लई दुकानं पालथी घातली हिच्यापायी."

आईनं खोक्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या तोंडावरून तिला सगळं कळलं; मी कधीपासून गप्प होते तेही कळलं असणार. मला वाटलं आता ती मला चारचौघांत सोलून काढते. काढली असती तर बरं झालं असतं. पण आई गल्लीकडं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "बघा की गं! माझी सून खोक्यातनं आली!" बायका हसल्या, सुटल्यासारख्या. आईनं भावावरून भाकरतुकडा ओवाळला आणि माझ्या हातातल्या खोक्यावरूनही ओवाळला. "दारात का उभी केलीस तिला? आत घे." मग तिनं वाकून ते माप दोन्ही हातांनी उचललं आणि आत नेऊन तांदूळ परत कणगीत ओतले. गुडघ्याला हात लावत उठली. मी पुढं झाले नाही.

दुपारी जेवून भाऊ आतल्या खोलीत आडवा झाला. खोकं सोप्यात तसंच पडलं होतं. मी त्याला हात लावणार नव्हते, निदान आईच्या घरात तरी. पण आईच येऊन शेजारी बसली. "उघड की," म्हणाली. "एवढी वाट बघितलीस. बघू तरी, कामाला कशी हाय." तिच्या आवाजात राग नव्हता. मी शोधला, पण नव्हता.

मी उघडला. पहिली दोन पोती पाण्यात गेली. तिसरं झेललं. मग खालच्या काचेतून वरच्या काचेत गोदाम उघडलं, शिडी दिसली, शिडीवरून पोती वर चढायला लागली आणि माझे अंगठे आपोआप चालू लागले. खेळ पहिल्यापेक्षा चांगला होता. कितीतरी चांगला होता. मी मनात भाकऱ्या थापताना जे जे रचलं होतं त्याहून चांगला. आई शेजारी आहे हे मी विसरले.

ती बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, "वरबी त्योच, खालीबी त्योच. एवढी पोती एकटाच वाहतोय की. जोडीला कोण न्हाय का गं ह्येच्या?"

आतून भावाच्या घोरण्याचा आवाज येत होता. "न्हाय, आई," मी म्हणाले, आणि माझे अंगठे थांबले नाहीत.